सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट आणि सत्राची राखण

एचटीटीपी हा संदेशवहनाचा नियम मुळातच विस्मरणशील आहे. एकाच व्यक्तीकडून लागोपाठ आलेल्या दोन विनंत्यांचा परस्परसंबंध तो जाणत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ची योजना केली. २००९ मध्ये अवतरलेल्या नोड जेएस या प्रणालीवरील एक्स्प्रेस या चौकटीतही सत्राची उभारणी सामान्यतः तिच्याच आधारे होते. बँकेत पूर्वी मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे तिचे स्वरूप आहे: ग्राहकाच्या हाती केवळ क्रमांक, हिशेब मात्र आत, वहीत.

डहाणू किंवा तलासरी येथील एखाद्या सेवा केंद्राची कल्पना करावी. दूरच्या पाड्यांवरून आलेले अर्जदार जातीच्या दाखल्यासाठी एकाच संगणकावर पाळीपाळीने आपापल्या खात्यात प्रवेश करीत आहेत. पहिल्याचे सत्र मिटले नाही, तर दुसऱ्याची माहिती पहिल्याच्या नावावर नोंदली जाईल. यास्तव काम संपताच सर्व्हरवरील सत्र नष्ट करणे अगत्याचे ठरते. केवळ पान बंद करणे पुरेसे नव्हे. तद्वत् प्रवेशाच्या क्षणी जुना क्रमांक रद्द करून नवा द्यावा. अन्यथा आधीच कोणी पेरून ठेवलेल्या क्रमांकाने परक्यास आत शिरता येईल. कुकी पानावरील जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये आणि ती केवळ सांकेतिक मार्गानेच पाठविली जावी, अशी बंधनेही तिच्यावर घालावीत.

दुसरा प्रश्न वहीच्या जागेचा. ‘एक्स्प्रेस-सेशन’ या साधनात ही वही मुळात प्रक्रियेच्या स्मृतीत असते. ती व्यवस्था केवळ विकसनकाळापुरती आहे. सर्व्हर पुन्हा सुरू होताच सर्व सत्रे लोपतात. अनेक प्रक्रिया चालत असल्यास एकीची नोंद दुसरीस दिसत नाही. म्हणून रेडिससारखा सामाईक साठा वापरणे इष्ट होय.

राहता राहिला मुदतीचा पेच. मुदत दीर्घ ठेवावी तर पुढील माणसाच्या हाती मागील माणसाचे खाते पडते. अल्प ठेवावी तर संपर्क तुटल्यावर अर्धा भरलेला अर्ज वाया जातो आणि अर्जदाराची दिवसाची मजुरी बुडते. सत्र व अर्ज यांची फारकत केल्यास हा पेच सुटतो. अपुरा अर्ज व्यक्तीच्या खात्याशी जोडून टप्प्याटप्प्याने विदागारात जपावा आणि सत्र अल्पायुषी ठेवावे. पुन्हा ओळख पटविताच अर्ज होता तेथूनच पुढे चालू शकतो. सत्राने ओळख राखावी. श्रम राखण्याचे काम त्याजवर सोपवू नये.