जुन्या गाडीला नवे टायर

टायरच्या बाजूवर उठावाची अक्षरे असतात. आपण ती रोज पाहतो, वाचत मात्र नाही. ‘१८५/७० आर १४’ ही अशीच एक ओळ. यातले १८५ हे मिलिमीटर आहेत, ७० हे टक्के आहेत आणि १४ हे इंच आहेत. एकाच मापात तीन निरनिराळ्या पद्धती, आणि एककाचा उल्लेख कुठेही नाही! एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत असे लिहिले तर आपण त्याचे गुण कापू. पण जगभरच्या टायरच्या धंद्यात हेच रूढ आहे, आणि एकदा उलगडा झाला की या ओळीतून गणित व भौतिकीचे बरेच काही शिकवता येते.

उदाहरणासाठी एक जुनी क्रीडामोटार घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची मोटार तयार होत असे. तिची बंद टपाची आवृत्तीही होती. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आजही हौशी मालकांनी जपून ठेवल्या आहेत. अशा मालकापुढे दर काही वर्षांनी एक प्रश्न उभा राहतो. टायर कोणत्या मापाचे आणि कोणत्या कंपनीचे घ्यावेत? मूळ माप आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. दुकानदार म्हणतो, “हे घाला की, बसेल!” बसेल हे खरे, पण पुढे काय होईल?

अगदी सुरुवातीच्या एमजीबीला ५.६०-१४ या मापाचे टायर असत. म्हणजे रुंदी ५.६ इंच आणि रिमचा व्यास १४ इंच. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे ५.२०-१४ हे टायर ज्यांना आठवत असतील त्यांना ही लिपी ओळखीची वाटेल. हे टायर ‘क्रॉसप्लाय’ जातीचे. त्यांच्या आतील दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत बसवलेले असतात. पुढे एमजीबीला १५५ किंवा १६५ रुंदीचे ‘रेडियल’ टायर आले. रेडियलमधील दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे, म्हणजे चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने जातात, आणि नक्षीच्या खाली एक ताठ पट्टा असतो. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले.

दोन्हींतला फरक वर्गात एका रुमालाने दाखवता येतो. रुमाल उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा, तो फारसा ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. तो लांबतो आणि त्याच वेळी अरुंद होतो. क्रॉसप्लाय टायर रस्त्यावर दबला की नेमके हेच होते. जाळी आकार बदलते, त्यामुळे रस्त्याला टेकलेला रबरही मुरडतो, घासतो आणि तापतो. रेडियलमध्ये बाजू लवचीक राहते, पण टेकलेला भाग सपाट व स्थिर राहतो. म्हणून वळणावर रेडियलची पकड जास्त. मात्र पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी जोडी कधीही घालू नये. पुढची चाके रस्ता धरतात, मागची सरकतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ब्रिटनच्या कायद्याने ही जोडी निषिद्ध आहे.

आता मापाकडे वळू. ७० या आकड्याचा अर्थ असा की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आहे. जुन्या रेडियलवर, उदाहरणार्थ १६५ आर १४ वर, हा आकडा नसतोच. तो नसेल तर उंची रुंदीच्या सुमारे ८० टक्के धरायची. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात बाजूची उंची दोनदा मिळवली, एकदा वर आणि एकदा खाली, की चाकाचा पूर्ण व्यास मिळतो.

मूळ १६५ आर १४ चा व्यास येतो ३५५.६ अधिक २६४, म्हणजे सुमारे ६२० मिलिमीटर. १८५/७० आर १४ घातले तर ६१५. फरक एका टक्क्याहून कमी, तो सोडून द्यावा. १७५/७० आर १४ चा व्यास ६०१ भरतो, म्हणजे तीन टक्के कमी. आणि दिसायला रुबाबदार म्हणून कोणी १८५/६० आर १४ घातले तर व्यास ५७८ वर येतो. जवळजवळ सात टक्क्यांची घट!

या सात टक्क्यांनी काय बिघडते? गाडीचा वेगदर्शक प्रत्यक्षात वेग मोजत नाही, फिरणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतरात फेरे जास्त होतात. काटा १०० दाखवील तेव्हा गाडी ९३ नेच धावत असेल. इंजिनालाही त्याच वेगासाठी अधिक फिरावे लागेल, आणि गाडीचे पोट जमिनीजवळ दोन सेंटिमीटर येईल. (५७८ व ६२० मधला फरक ४२ मिलिमीटर, मग पोट ४२ ने का खाली येत नाही? हा प्रश्न नववीच्या वर्गाला जरूर घालावा.)

व्यास जुळला म्हणजे संपले असे नाही, रिमची रुंदी पाहावी लागते. साध्या पत्र्याच्या चाकांच्या एमजीबीला मूळ रिम ४ इंच रुंद असे, तारांच्या चाकांना साडेचार. १८५/७० चा टायर साडेपाच इंची रिम धरून आखलेला असतो. त्याला ४ इंचांत कोंबले की काठ जवळ येतात, बाजू फुगतात आणि नक्षीचा मध्यभाग वर येतो. जास्त रबर विकत घेऊन रस्त्याला टेकतो मात्र मधलाच पट्टा. शिवाय मागचे टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतात अशी बऱ्याच मालकांची तक्रार असते.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे सर्वांनाच पाठ असते. ते तपासून पाहू. माणसांसकट गाडीचे वजन साधारण १,००० किलो धरा, म्हणजे एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये २४ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलो दाब. २५० ला १.७ ने भागा. उत्तर येते १४७ चौरस सेंटिमीटर, आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डापेक्षा जरासे मोठे. चारही टायर मिळून ए-४ आकाराच्या एका कागदाएवढी जागासुद्धा रस्त्याला टेकत नाही. ताशी दीडशे किलोमीटरने धावणारी एक टनाची गाडी एवढ्या जागेवर वळते आणि थांबते!

या भागाकारात टायरची रुंदी कुठेच आली नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. हवा तेवढीच ठेवली तर रुंद टायरचा ठसा जवळपास तेवढाच राहतो, फक्त त्याचा आकार बदलतो. तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. (टायरची बाजूही थोडे वजन पेलते, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा.) बुटक्या, रुंद टायरची बाजू ताठ असते, त्यामुळे स्टिअरिंग वळवताच गाडी चटकन वळते. हा फायदा खरा आहे. पण पाण्याने भरलेल्या रस्त्यावर रुंद ठशाला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, आणि पाण्यावर तरंगण्याचा धोका लवकर येतो. एमजीबीचे स्टिअरिंग हाताच्या जोरावर चालते, ते जड होते. तिचे सांधे, स्प्रिंगा आणि चाकांच्या तारा ज्या ओढीसाठी आखल्या त्यापेक्षा जास्त ओढ त्यांना सोसावी लागते. मूळ उंच, अरुंद टायर घसरण्यापूर्वी हळूहळू सूचना देतो. चालकाला ते हातात जाणवते. मला विचाराल तर रोजच्या रस्त्यासाठी १६५ च बरा.

ठशाचा प्रयोग सायकलवर सहज होतो. मागच्या चाकाला ओला खडू फासा, खाली आलेख कागद ठेवा, एका विद्यार्थ्याला बसवा आणि ठशाचे चौकोन मोजा. त्याला हवेच्या दाबाने गुणले की त्या चाकावरचा भार अंदाजे मिळतो. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजा.

कंपनी कोणती, या प्रश्नाकडे आता येऊ. १६५ आर १४ हे माप शोधताना पहिला सापळा ‘सी’ या अक्षराचा असतो. १६५ आर १४ सी हा मालवाहू व्हॅनचा टायर. माप तेच, किंमत कमी. पण तो जाड थरांचा, भरपूर हवेवर जड ओझे वाहण्यासाठी केलेला असतो. हलक्या गाडीखाली तो लाकडासारखा वागतो. दुसरे अक्षर वेगाचे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, टी १९०, एच २१०. एमजीबीचा कमाल वेग १७० च्या आसपास आहे, तेव्हा एस पुरतो, एच असल्यास उत्तम. भाराचा आकडा ८४ असेल तर एक टायर ५०० किलो पेलतो, तेही पुरेसे आहे.

पिरेली आणि मिशलँ या कंपन्या आपले जुने नमुने पुन्हा काढतात. नक्षी जुन्या धाटणीची, रबर मात्र आजच्या ज्ञानाने बनवलेले. नेदरलँड्समधील फ्रेडेस्टाइन ही कंपनीही ‘स्प्रिंट क्लासिक’ नावाचा टायर बनवते. २००९ पासून ती आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे. हे टायर महाग पडतात. त्यांची नक्षी जुन्या छायाचित्रातल्यासारखी दिसते म्हणून पैसे मोजावेत असे मी म्हणणार नाही. योग्य माप, योग्य बाजू आणि ताजे रबर यांसाठी जरूर मोजावेत.

‘ताजे रबर’ हाच यातला कळीचा मुद्दा. जुनी मोटार वर्षाकाठी थोडीच धावते, त्यामुळे टायर गोटा होत नाही. पंधरा वर्षांनीही नक्षी खोल दिसते. पण रबराच्या साखळ्यांना ऑक्सिजन व ओझोन सतत कुरतडत असतात. बांधणीतील गंधकाचे दुवे वाढतात आणि रबर कडक होते. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही, म्हणजे पकड जाते, विशेषतः पावसात. याला उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक मिसळलेले असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, आणि त्या हालचालीने हे पदार्थ पृष्ठभागावर झिरपत राहतात. गाडी उभीच राहिली तर ते पुरेसे वर येत नाहीत. म्हणून न वापरलेला टायर सुरक्षित राहील ही समजूत उलटी आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधील हाइंडहेडजवळ एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा बळी गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. तेव्हा टायरच्या वयाविषयी कायदाच नव्हता. फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस व ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर चालत नाहीत. खाजगी मोटारींना मात्र हा नियम लागू नाही. शिवाय २०१८ पासून तेथे चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारींना वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे आज अशी प्रत्येक एमजीबी या सवलतीत बसते. तिच्या टायरकडे मालकाखेरीज कोणी पाहणारे नाही.

वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. २००० पूर्वी तीनच आकडे असत. तीन आकड्यांचा टायर दिसला तर नक्षी कितीही खोल असो, तो काढून टाकावा. कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूवर, तेही गाडीच्या आतल्या अंगाला असतात, तेव्हा विजेरी घेऊन खाली वाकावे लागते. नवा टायर घेतानाही तारीख पाहावी, कारण खपाला मंद असलेली मापे दुकानात पडून राहतात.

तारांच्या चाकांबद्दल एक राहिले. तारांची टोके रिममधून आत येतात, तेथून हवा गळते. म्हणून टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब घालावीच लागते, आणि टोकांवर रबरी पट्टी हवी. ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आत हात फिरवून पाहावा. कारखान्यात चिकटवलेला छोटा कागद तेथे असेल तर तो सोलून काढावा. तो ट्यूबवर हजारो वेळा घासतो आणि तेथेच पंक्चर होते.