दुसरा बॉक्स लावण्याआधी मागचा आकडा वाचा: बेस ॲम्प, ओहम आणि आमच्या घरची हळद

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना "ते ओहमचं गणित परत सांग रे" असं वाटलं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

हळदीच्या रात्री काय झालं

मी भडगावचा. आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आखाजी आणि लग्नसराईला गावी जातोच. माझा चुलतभाऊ ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याच्याकडे एक कॉम्बो आहे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. सुपारीच्या पैशांतून हप्त्याहप्त्याने घेतलेला.

मागच्या मे महिन्यात घरातच हळद होती. मोकळ्या पटांगणात बेस ऐकू येईना, म्हणून त्याने ओळखीतल्या बँडकडून दोन जादा बॉक्स आणले. पहिला लावला. मग मला विचारलं, "दादा, दुसरा पण लावू का?" मी बी.टेक. झालेला, सगळ्यांसमोर विचारलेलं. म्हटलं, "लाव बिनधास्त, समांतर तर जोडायचंय."

पाऊण तास मस्त वाजलं. मग गाण्याच्या मधेच बेस गायब. मागे हात लावला तर ॲम्प तव्यासारखा तापलेला. ढोलकीवाला विचारतोय, "काय व्हयनं रे भो?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "बॉक्स किती ओहमचे होते?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले होते. खर्च साडेसहा हजार, आणि ऐन सीझनमध्ये आठ दिवस ॲम्प दुकानात. पैसे मी दिले, पण त्या आठवड्यातल्या त्याच्या दोन सुपाऱ्या गेल्या त्या गेल्याच.

मग चुकलं कुठे?

शाळेत एकसर आणि समांतर जोडणी शिकलो होतो, आठवतंय? रोध समांतर जोडले की एकूण रोध कमी होतो. ॲम्पच्या मागे एक्स्टेन्शन स्पीकरची जी जॅक असते, ती बहुतेक वेळा आतल्या स्पीकरला समांतरच असते.

आमचं गणित असं होतं. कॉम्बोमधला स्पीकर ८ ओहम. ॲम्पच्या मागे लिहिलेलं, कमीत कमी ४ ओहम.

- ८ ओहमचा एक बॉक्स जोडला: ८ भागिले २, म्हणजे ४ ओहम. चालेल.
- ८ ओहमचा आणखी एक जोडला: ८ भागिले ३, म्हणजे साधारण २.६७ ओहम. इथे मेलो.

सगळे बॉक्स सारखे असतील तर भागाकार पुरतो. वेगवेगळे असतील तर दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज. ८ आणि ४ असतील तर ३२ भागिले १२, पुन्हा २.६७. शिवाय पॉवरही सारखी वाटली जात नाही. ४ ओहमचा बॉक्स ८ वाल्याच्या दुप्पट खातो. ॲम्प एकूण ३०० वॅट देत असेल तर २०० एकाला आणि १०० दुसऱ्याला. तो ४ वाला बॉक्स १५० वॅटचा असेल, तर त्याची कॉईल जळायची वाट बघा.

ओहम कमी झाले की जास्त करंट वाहतो. केळीच्या शेतातली मोटार डोळ्यांसमोर आणा. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की मोटार जास्त पाणी फेकते, जास्त अँपिअर ओढते आणि तापते. ॲम्पचंही तसंच. चांगल्या ॲम्पमध्ये प्रोटेक्शन असतं, तो वेळेत बंद पडतो. पण मे महिन्यातली खान्देशची गरमी, ॲम्पची पाठ भिंतीला टेकलेली, वर चादर टाकलेली... एवढं सगळं असल्यावर प्रोटेक्शनच्या भरवशावर राहू नका.

ट्यूब ॲम्प असेल तर नियम वेगळा. तिथे बॉक्सचे ओहम आणि ॲम्पवरचं सेटिंग जुळलंच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता तो कधीच वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

दोन बॉक्स म्हणजे दुप्पट आवाज?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

समजा एक ॲम्प ८ ओहमला ३०० वॅट आणि ४ ओहमला ५०० वॅट देतो. वॅट बरेच वाढले, पण आवाज वाढला साधारण २ डेसिबल. वॅट बरोबर दुप्पट झाले तरी वाढ ३ डेसिबलच. कानाला "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर!

दुसऱ्या बॉक्सचा खरा फायदा वेगळा आहे. हवा ढकलणारे पडदे वाढतात. दोन सारखे बॉक्स चिकटून ठेवले तर खालच्या सुरांत ते एकत्र काम करतात आणि त्याचे आणखी ३ डेसिबलपर्यंत मिळतात. सगळं जमून आलं तरी बेरीज ६ च्या आसपास. छान वाढ आहे, पण जादू नाही.

एकावर एक का ठेवतात?

याची एक मजेदार गोष्ट आहे. १९६५ च्या सुमारास 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडने लंडनच्या जिम मार्शलकडे आठ स्पीकरचा एकच मोठा बॉक्स मागितला. बॉक्स झाला, पण सामान उचलणारी पोरं वैतागली. मग चार-चार स्पीकरचे दोन बॉक्स करून एकावर एक ठेवले. तोच पुढे जगप्रसिद्ध 'मार्शल स्टॅक' झाला. बेसवाल्यांसाठी १९६९ मध्ये अँपेगचा ३०० वॅटचा एसव्हीटी आला, आठ-आठ स्पीकरच्या दोन बॉक्सवर चालणारा. त्या काळी हॉल मोठे होत चालले होते आणि हॉलच्या साउंड सिस्टिमला बेस झेपत नव्हता, म्हणून स्टेजवरच भिंत उभी करावी लागायची.

उभ्या चळतीचा एक फायदा आजही आहे. वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. तिच्या आवाजाची लाट आठ मीटरहून लांब, ती सगळीकडे पसरते. पण बोटांचा ठोका, तारेची धार हे वरचे सूर सरळ समोर जातात. कॉम्बो जमिनीवर असेल तर ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. म्हणून वाजवणारा व्हॉल्यूम वाढवत जातो आणि समोरची मंडळी वैतागतात.

शेजारी-शेजारी आडवे ठेवले तर वरच्या सुरांत दोन बॉक्सचे आवाज एकमेकांना कापतात. दोन पावलं सरकलात की टोन बदलतो. उभे ठेवले की समोरच्या सगळ्यांना साधारण सारखं ऐकू येतं.

रचताना

जड आणि रुंद बॉक्स खाली. वरच्याचे रबरी पाय खालच्याच्या खाचेत नीट बसत असतील तर उत्तम, नाहीतर मधे रबरी मॅट आणि दोघांना मिळून पट्टा. बेसच्या कंपनांनी बॉक्स हळूहळू सरकतो. आमच्या हळदीत वरचा बॉक्स चार बोटं कडेला आला होता आणि समोर पोरं नाचत होती. हे आधी आईच्या लक्षात आलं, आम्हा दोघांच्या नाही. साडेसहा हजारांपेक्षा मला तेच जास्त आठवतं.

वायर स्पीकरचीच वापरा. गिटारची वायर दिसते सारखी, पण आत बारीक तार असते. जास्त करंटला ती तापते. आणि बॉक्स जोडताना-काढताना ॲम्प बंद.

मग पटांगणात ऐकू कसं जाणार?

याचं उत्तर आम्हाला नंतर सापडलं, आणि ते फुकट होतं. ॲम्पच्या मागे लाइन-आउट असतो. तिथून एक वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला. लोकांपर्यंत बेस पोहोचवायचं काम त्याच्या मोठ्या बॉक्सचं. स्टेजवरचा बॉक्स फक्त वाजवणाऱ्यासाठी.

पुढच्या सुपारीला भावाने एकच जादा बॉक्स नेला. तो खाली, वर कॉम्बो, पट्टा बांधलेला, एकूण बरोबर ४ ओहम, लाइन-आउट मिक्सरला. व्हॉल्यूम निम्म्यावरच होता आणि मागच्या रांगेतल्या मावशींपर्यंत बेस गेला. दहाला बंद केलं, कारण रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. हा नियम २००० सालापासूनचा आहे.

आता एक काम करा. तुमचा किंवा मित्राचा ॲम्प फिरवा आणि मागचा फोटो काढा. 'मिनिमम' किती ओहम लिहिलंय, आतला स्पीकर किती ओहमचा, जादा बॉक्स किती ओहमचा. गणित जमत नसेल तर फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये मिळून सोडवू. आणि कोणी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, अजून एक लावू का?" तर आधी मागचा आकडा वाचा, मग बोला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, कान सांभाळा!