निस्तार पत्रकाची साक्ष

जबलपूरहून अमरकंटककडे निघालं की वाटेत कुंडम लागतं. राष्ट्रीय महामार्ग ४५ इथून पुढे शहपुरा, डिंडोरी करत छत्तीसगडच्या दिशेने चढत जातो. नर्मदेला उजव्या तीरावर येऊन मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते. आसपासच्या गावांत गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. शेत, जंगल, मोहाची झाडं आणि गुरांची कुरणं असं इथलं जगणं.

कुंडमची मला वाटणारी महत्त्वाची गोष्ट मात्र जमिनीवर दिसत नाही, ती नकाशावर दिसते. कुंडमच्या पुढे जबलपूर जिल्ह्याची हद्द लागते आणि पलीकडे मंडला आणि डिंडोरी सुरू होतात. दोन्हीकडे माणसं तीच, बोली तीच, देव तेच. पण राष्ट्रपतींच्या २००३च्या आदेशात मध्य प्रदेशातल्या अनुसूचित क्षेत्रांची जी यादी आहे, तिच्यात मंडला आणि डिंडोरी हे जिल्हे पूर्ण आहेत आणि जबलपूरचं नाव नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा हद्दीच्या पलीकडे लागू होतो, कुंडमला होत नाही. गावाच्या जमिनीवर खाण, धरण, वसाहत किंवा कारखाना येणार असेल तर पलीकडच्या ग्रामसभेच्या शब्दाला एक वजन आहे आणि अलीकडच्या ग्रामसभेच्या शब्दाला दुसरं.

गावाला विचारायचं, म्हणजे नेमकं कुणाला, केव्हा आणि कोणत्या कागदावर? या प्रश्नाचा माग काढताना मी कुंडमपासून गडचिरोलीपर्यंत पोहोचलो. वाट दाखवली ती एका जुन्या सरकारी शब्दाने : निस्तार.

एका प्रांताचा वारसा

१ नोव्हेंबर १९५६पर्यंत जबलपूर, मंडला आणि चांदा हे जिल्हे एकाच राज्यात होते. आधीचा मध्य प्रांत-वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतरचा जुना मध्य प्रदेश. आजचा गडचिरोली तेव्हाच्या चांदा जिल्ह्याचा भाग होता. १९५०च्या कायद्याने या सगळ्या मुलखातली मालगुजारी आणि जमीनदारी संपली. गावची पडीक जमीन, झुडपी जंगल, तळी, चराई हे सारं मालगुजाराकडून सरकारकडे आलं. तेव्हा प्रश्न उभा राहिला : लोक आजवर तिथून जे सरपण, बांबू, माती, चारा आणत होते, त्याचं काय?

त्याचं उत्तर म्हणजे निस्तार पत्रक. निस्तार म्हणजे रोजच्या गरजा भागवण्याचा हक्क. मध्य प्रदेशच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेतल्या कलम २३४नुसार प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक तयार करायचं असतं. गुरं कुठे चरतील, लाकूडफाटा कुठून आणायचा, मुरूम, रेती, माती, दगड कोणी आणि कसा घ्यायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. कलम २३७ प्रमाणे चराई, स्मशान, खळं, बाजार अशा कामांसाठी जमीन राखून ठेवता येते. आणि त्याच संहितेत एक फार मोलाची अट आहे. पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा आणि रहिवाशांची इच्छा जाणून घेतल्यावरच तो कायम करायचा. म्हणजे जमिनीच्या वापराबद्दल गावाला विचारण्याची पद्धत आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. साठ वर्षांहून अधिक काळ ती आपल्याच महसूल कायद्यात बसून आहे.

खसरा क्रमांक आणि जागेचं नाव

प्रत्यक्षात विचारणं कसं होतं, ते जवळून पाहायला हवं. मध्य प्रदेशातल्या खेड्यात कोटवार, म्हणजे आपला कोतवाल, मुनादी देतो, म्हणजे आपल्याकडची दवंडी. पंचायत भवनात दरी अंथरली जाते. सचिव कार्यवाहीची वही उघडतो आणि विषय वाचू लागतो : पेन्शन, घरकुल, रोजगार हमीची कामं. मग कुठेतरी शेवटी, अमुक खसरा क्रमांकातल्या, म्हणजे भूमापन क्रमांकातल्या, तमुक हेक्टर जमिनीसाठी अनापत्ती. आपण त्याला ना हरकत म्हणतो. क्रमांक ऐकून कुणाच्याच डोळ्यांसमोर जमीन उभी राहत नाही. वही फिरते, सह्या आणि अंगठे होतात, ठराव मंजूर होतो.

तोच विषय वेगळ्या शब्दांत मांडून पाहावा. नाल्यापलीकडची बरड, जिथे मोहाची रांग आहे आणि उन्हाळ्यात गुरं बसतात, ती जागा द्यायची का? आता मागच्या रांगेतल्या बायकाही बोलू लागतील. मोहफुलं कोण वेचतं, पाणी कुठून उतरतं, शेजारच्या गावाची गुरं कोणत्या वाटेने येतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. क्रमांक आणि नाव यांच्यामधलं हे अंतर भरून काढणं हेच खरं काम आहे. ते ग्रामसभेच्या दिवशी अर्ध्या तासात होत नाही, त्यासाठी आधी तयारी लागते.

कायद्याने कुंडमसारख्या, पेसाबाहेरच्या गावांनाही काही जागा दिलेली आहे. मध्य प्रदेशच्या १९९३च्या पंचायत कायद्यात गावातल्या बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. महाराष्ट्रात १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं. शहराचा विस्तार होऊन गाव निवेश क्षेत्रात गेलं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या कक्षेत आलं, की १९७३चा नगर तथा ग्राम निवेश कायदा लागू होतो. त्यात आराखड्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवण्यासाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात. त्या ऐकणाऱ्या समितीत क्षेत्रातल्या गावांच्या सरपंचांनाही स्थान आहे. खुर्ची आहे. तिच्यावर बसणाऱ्याच्या हातात गावाने तयार केलेला कागद असतो का, हा खरा प्रश्न.

चुटका : विचारलं, पण कसं?

कुंडमच्या दक्षिणेला, मंडला जिल्ह्यात, बरगी धरणाच्या जलाशयाकाठी चुटका हे गाव आहे. नर्मदेवरच्या बरगी धरणात मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. त्या पाण्यातून उठून वर सरकलेल्या लोकांच्या वस्तीत पुढे १४०० मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प प्रस्तावित झाला. एकदा उठलेल्या माणसांना पुन्हा उठायला सांगणारा हा प्रस्ताव होता. चुटका, कुंडा, टाटीघाट या गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले.

पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यायची असते, अहवालाच्या प्रती पंचायतींकडेही ठेवायच्या असतात आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. चुटक्याची सुनावणी २४ मे २०१३ला ठरली, विरोधामुळे पुढे गेली. ३१ जुलैला ठरली, पुन्हा पुढे गेली. अखेर १७ फेब्रुवारी २०१४ला मानेगावला मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती झाली. २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या दहा अणुभट्ट्यांना मंजुरी दिली, त्यांत चुटक्याच्या दोन आहेत.

देशाला वीज लागते, हे मी नाकारत नाही. पण या घटनाक्रमातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जनसुनावणीत प्रशासन बोलावतं, प्रशासन मांडव घालतं, प्रशासन इतिवृत्त लिहितं आणि लोक रांगेत उभे राहून दोन-दोन मिनिटं बोलतात. त्यांचं म्हणणं नोंदवलं जातं, निर्णय दुसरीकडे होतो. विचारणं आणि संमती घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनावणीच्या मांडवात हा फरक अगदी उघड होतो.

चुटक्याची सुनावणी पुढे ढकलली जात होती, त्याच वर्षी ओडिशात दुसरं चित्र दिसलं. नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ला निकाल दिला की डोंगरावरच्या लोकांच्या वनहक्कांचा आणि धार्मिक श्रद्धांचा प्रश्न ग्रामसभांपुढे जावा. जुलै-ऑगस्टमध्ये बारा ग्रामसभा बसल्या, प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर होते. बाराही सभांनी नकार दिला. पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारनेही खाणीला परवानगी नाकारली.

फरक लोकांच्या आवाजाच्या उंचीत नव्हता. नियमगिरीला वनहक्क कायद्याचा पाया होता. गाव आपल्या जागेवर, आपल्या सभेत बसलं होतं आणि तिथे लिहिलेला ठराव हाच निर्णयाचा आधार होता.

मेंढ्याने काय केलं

इथे आपण पुन्हा जुन्या चांद्याकडे वळतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव मराठी वाचकाला नवं नाही. मिलिंद बोकील यांनी त्यावर 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक लिहिलं आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. पण घोषणेपेक्षा तिच्यामागची शिस्त मला जास्त महत्त्वाची वाटते.

ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. त्यातून देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते गावाच्या कामाला लागले. त्यांनी दोन गोष्टी रुजवल्या. एक, अभ्यासगट : गावातली आणि बाहेरची माणसं एकत्र बसून एखादा विषय महिनोन्महिने समजून घेतात, कायदा वाचतात, नोंदी शोधतात. दोन, सर्वसहमती : बहुमताने हात वर करून नाही, सगळ्यांचं समाधान होईपर्यंत बोलत राहून निर्णय. अभ्यासगट निर्णय घेत नाही, तो ग्रामसभेला माहिती देतो. निर्णय ग्रामसभेचाच.

या अभ्यासात निस्तार हक्काचे जुने कागद हाती आले. गाव ज्या जंगलातून बांबू आणि सरपण आणत होतं, ती कुणाची मेहेरबानी नव्हती, तिची नोंद होती, हे गावाला कळलं. २००६च्या वनहक्क कायद्याने हीच गोष्ट देशभर मान्य केली. त्याच्या कलम ३मध्ये सामुदायिक हक्कांच्या यादीत 'निस्तार' हा शब्द जसाच्या तसा आहे, जमीनदारीच्या काळातल्या हक्कांसह. २००९मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामुदायिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. २७ एप्रिल २०११ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्याची पुस्तकं ग्रामसभेच्या हाती आली. महसूल खात्यातला एक जुना शब्द गावाच्या अभ्यासामुळे जिवंत हक्क झाला.

वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राच्या रेषेवर थांबत नाही. तो कुंडमलाही लागू आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता, टाकी अशा तेरा सार्वजनिक सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन द्यायची असली तरी त्यात ग्रामसभेची शिफारस लागते. हद्दीच्या पलीकडे पेसाचे नियम मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२२ला लागू झाले. त्यात गावाचा नकाशा आणि खसऱ्याची नक्कल दरवर्षी पटवाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, ग्रामसभेत आणून दाखवायची, अशी तरतूद आली. ती मला फार शहाणपणाची वाटते. नकाशा गावाकडे येतो, गावाला तहसीलीत जावं लागत नाही. हे कुंडममध्ये कायद्याने बंधनकारक नसलं, तरी करायला मनाईही नाही.

हरकत कशी लिहावी

नकाशा गावाकडे यावा, हाच धडा गोव्याने दुसऱ्या बाजूने शिकला. २००६मध्ये आलेल्या 'प्रादेशिक आराखडा २०११' या आराखड्यात शेतं, डोंगरउतार बांधकामासाठी खुले झालेले लोकांना दिसले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७मध्ये आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा, २०२१चा आराखडा करताना नकाशे पंचायतींकडे पाठवून गावोगाव सुधारणा मागवल्या गेल्या. आधी नकाशा, मग मत, असा तो क्रम होता.

इंग्लंडमधल्या खेड्यांच्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, बांधकामाचे अर्ज नाकारायचा अधिकार नाही, फक्त मत देता येतं आणि बहुधा एकवीस दिवसांत. पण तिथे रूढ झालेला नियम उपयोगी आहे. अर्जदार आवडत नाही किंवा आपल्या घराची किंमत उतरेल, हे कारण मोजलं जात नाही. पाण्याचा निचरा, रस्त्यावरची वाहतूक, उजेड, शेताची वाट ही कारणं मोजली जातात. मत देणाऱ्याकडे नकाराधिकार नसला, तर त्याच्या मताचं वजन कारणांनी ठरतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कायद्याने दिलेला अधिकार कमी असो की जास्त, अभ्यासाशिवाय केलेला ठराव ही नुसती सही असते. 'ग्रामसभेचा विरोध आहे' या एका ओळीला अधिकारी एका ओळीत उत्तर देऊ शकतो. पण ठरावात जागेचं गावातलं नाव, तिचा खसरा क्रमांक, निस्तार पत्रकातली तिची नोंद, तिथून येणारं पाणी आणि तिच्यावर जगणारी घरं, हे एकेक लिहिलं असेल तर प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. गावाने होकार द्यायचा ठरवला तरी याच कागदावर त्याच्या अटी लिहिता येतात. वरच्या कचेरीत, न्यायालयात, पुढच्या पिढीच्या हातात तोच कागद साक्ष देतो.

तहसील कचेरीतून गावाच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल मागून आणणं, हे कोणत्याही गावाला आज करता येईल असं काम आहे. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढींची, वहिवाटीच्या वाटांची आणि पाण्याच्या हक्कांची नोंद. ती नक्कल ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. प्रत्येक क्रमांकापुढे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या जागेचं नाव लिहावं, बरड, ताल, मोहाची रांग, जे असेल ते. गोंडी नाव असेल तर तेच लिहावं. हे काम अनापत्तीचा अर्ज येण्याआधी, निवांत दिवसांत, पिकं घरात आल्यावर करावं. मग कोटवाराची मुनादी झाली, सचिवाने वही उघडली आणि खसरा क्रमांक वाचला, की गाव विचारू शकेल : म्हणजे आमची नाल्यापलीकडची बरड ना? थांबा, तिच्याबद्दल आमच्याकडे लिहिलेलं आहे.