सहा गळ्यांचा वाद्यवृंद

आमच्याकडे दहा माणसे एकत्र गाऊ लागली म्हणजे एकच चाल गातात. आरती घ्या, भजन घ्या. सूर वेगळा लागलाच तर तो एखाद्या बेसूर काकांचा! म्हणूनच ‘टेक सिक्स’ या सहा अमेरिकन गायकांची ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकताना मी वाद्ये शोधीत बसलो. ती नव्हतीच. डबल बेससारखा घुमणारा तो आवाज आल्विन ची यांच्या गळ्यातला.

या मेळाचा जन्म मोठा मजेशीर. १९८० साली अलाबामातील हंट्सव्हिल येथील ओकवुड कॉलेजात क्लॉड मॅकनाइट या विद्यार्थ्याने चौघांना जमवले. तालमीची जागा न्हाणीघर! तिथे आवाज कसा घुमतो, हे स्नान करताना गाणाऱ्या गृहस्थांना सांगायला नको. मार्क किबलने बाहेरून ते ऐकले, आत शिरला आणि पाचवा सूर मिळवला. पुढे त्यानेच मर्विन वॉरनला आणले.

सहाजणांचे सहा सूर, तेही एकमेकांना खेटून. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबा, कान टोचेल. पण खाली योग्य खर्ज भरला की तोच टोचरेपणा गोड होतो. पाठीशी तंबोरा नाही. एकजण केसभर उतरला की बाकीचेही नकळत उतरू लागतात. आपला सूर सोडायचा नाही आणि कान मात्र दुसऱ्याकडे! एकत्र कुटुंबात नांदलेल्यांना ही कसरत ठाऊक आहे.

खरी अडचण निराळीच होती. ओकवुड हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे कॉलेज; पुण्याचे स्पायसरही त्याच पंथाचे. जाझच्या वळणाच्या चाली टाळाव्यात, असे या पंथाच्या नियमपुस्तकातच लिहिलेले. आणि ही मुले भक्तिगीतेच जाझमध्ये बांधीत होती! मला त्यांचे धाडस इथे दिसते. गळ्याची करामत त्यानंतरची. पंथ त्यांनी सोडला नाही, जाझही सोडला नाही.

१९८८ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढल्याच वर्षी दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली, एक जाझ गायनाचे आणि दुसरे गॉस्पेलचे! जाझचे पारितोषिक मिळवणारे गीत ‘स्प्रेड लव्ह’. ते मिळवून ऐकाच; पहिल्या खेपेस फक्त खालच्या खर्जाकडे कान लावा, आणि वरचे पाच गळे दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.