मुरगावच्या बागेत 'ग्लॅडिएटर' गुलाब

गुलाबाची कलमे विकत घेणाऱ्या बागप्रेमींना 'ग्लॅडिएटर' हे नाव नवे नाही. १८६७ साली फ्रान्समध्ये निपजलेल्या 'ला फ्रान्स' या गुलाबापासून हायब्रीड टी वर्गाचा आरंभ मानला जातो. त्याच वर्गातील ही जात १९५५ मध्ये अमेरिकेतून प्रसारात आली. पुणे व नाशिक भागांत ती पुढे उघड्या शेतात लावली जाऊ लागली. हरितगृहातील नव्या जातींनी बाजार व्यापला, तरी घरगुती बागेतून ती हटलेली नाही. फूल मोठे, गर्द गुलाबी. दांडा लांब व भक्कम. झाड जोमाने उंच वाढणारे.

मुरगाव तालुक्यात मात्र ऑक्टोबरात हौसेने लावलेले कलम पहिल्याच पावसाळ्यात दगावल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. यात दोष जातीचा नसून बहुधा जागेचा असतो. येथे अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिऱ्याच्या कातळात खणलेला खड्डा हौदासारखा भरून राहतो. गुलाबाची मुळे साचलेले पाणी सहन करीत नाहीत. म्हणून खड्डा ६० सेंटिमीटर खोल घेतला तरी पाण्याला बाहेर वाट ठेवावी, अथवा सरळ उंच वाफ्यावर लागवड करावी. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत यांचे मिश्रण भरावे. डोळा भरलेला सांधा मातीत गाडू नये.

दुसरी तक्रार 'गुलाब बदलला' अशी असते. गुलाब बदलत नाही. सांध्याखालून खुंटाचे रानटी फुटवे येतात व वरचे कलम उपाशी मरते. खुंट मल्टिफ्लोराचा असल्यास त्या फुटव्याच्या पानाला बहुधा सात ते नऊ लहान पर्णिका असतात, ग्लॅडिएटरच्या पानाला साधारणतः पाच. असा फुटवा वरवर कापण्यात अर्थ नाही. माती बाजूला सारून तो मुळापासून उपटावा.

छाटणी पाऊस ओसरल्यावरच करावी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटलेले झाड साधारण दीड महिन्याने फुलते. नाताळसाठी फुले हवी असल्यास नोव्हेंबरचा पहिला आठवडा योग्य. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरकस काप घ्यावा व कापावर बोर्डो मलम लावावे, म्हणजे फांदी शेंड्याकडून वाळत येण्याचा धोका कमी होतो. काळ्या ठिपक्यांची गळलेली पाने वेचून जाळावीत. बुंध्याशी कुजू देऊ नयेत.

भर पावसात पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि कळी न उमलताच कुजते. वास्कोचा दामोदर सप्ताह नेमका श्रावणात येतो. त्या दिवसांत घाटावरून येणारी फुलेच घ्यावीत आणि आपल्या झाडाला केवळ पाने धरू द्यावीत.

समुद्राकडील बागेत खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी कुंपणाच्या आडोशाला, परंतु सकाळचे ऊन निश्चित मिळेल अशी जागा निवडावी आणि कोरड्या दिवसांत पानांवर सकाळीच गोडे पाणी शिंपडावे, म्हणजे संध्याकाळपूर्वी ती सुकतात.