आधी बियाणं, मग कालवण

कोन खणायचा तर वेल पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागतं. डिसेंबरात पानं पिवळी पडतात. जानेवारीत चार कंगोऱ्यांचा तो वेल फणसाच्या खोडावर कोरडा होऊन लटकतो आणि जरा ओढला की बुडाशी तुटून हातात येतो. म्हणून तो ओढायचा नाही. कंद नेमका कुठे आहे हे सांगणारी खूण तेवढी एकच असते.

जोयडा तालुक्यातल्या एका कुणबी घराच्या परड्यात हे काम मी पाहत होते. घरातल्या आजीनं बुडापासून हातभर अंतर सोडून पहारीनं गोल आखला आणि बाहेरून आत माती सैल करत आणली. कंद जवळ आला असं वाटताच पहार बाजूला ठेवली. तिथून पुढे बोटं आणि नारळाची करवंटी. कोन सरळ वाढत नाही. दगड लागला की वळतो, मूळ आडवं आलं की दोन फाटे फोडतो. जिथे खरचटला तिथून तो कुजायला लागतो, आणि मग तो त्याच दिवशी शिजवण्यावाचून गत्यंतर नसतं. अखंड निघाला तर घराच्या थंड कोपऱ्यात राखेवर दोन-तीन महिने सहज टिकतो. हा निघाला तो चार-पाच किलोंचा असावा. वरून खरबरीत आणि काळपट, नखानं साल काढून पाहिली तर आत पांढरा आणि कडेला जांभळट झाक.

आजीनं कोयत्यानं त्याचा वेलाकडचा माथा चार बोटं कापून घेतला, कापलेल्या तोंडाला राख चोळली आणि तो तुकडा पडवीत सावलीला ठेवून दिला. मला म्हणाली, "हे पोरांच्या हाती पडू देऊ नको गो बाय. भाजून खातील."

उरलेला कंद त्यानंतर चुलीकडे गेला. पुढे त्या घरात जे जे पाहिलं, त्यात हाच क्रम होता. खाण्याच्या प्रत्येक वस्तूतून पुढच्या वर्षाचा वाटा आधी निघतो, आणि जेवण त्यातून उरलेल्याचं होतं. माथ्याचाच तुकडा का, यालाही कारण आहे. कोनाच्या मधल्या किंवा शेंड्याच्या तुकड्यालाही कोंब फुटतो, पण माथ्याचा लवकर फुटतो आणि जोमानं वाढतो. मिरगाच्या आधी लावलेल्या वेलाला पावसाचे सगळे महिने मिळायला हवेत. पंधरा दिवस उशीर झाला तर कंद तेवढा लहान राहतो.

खणलेला खड्डा तसाच उघडा राहिला. पाचोळा, शेण, चुलीतली राख आणि खुराड्यातली झाडण त्यात महिनोन्‌महिने पडत राहते. मे महिन्यात तोच माथा त्याच खड्ड्यात जातो.

या परड्यात एकटा कोन नाही. कणगी आहेत, काटेरी वेलाच्या बुडाशी घोसानं लागणाऱ्या. करांदे आहेत, जे जमिनीतही लागतात आणि वेलावर पानांच्या बेचक्यातही. सुरण, माडी, रताळी आणि मुडली. मुडली हा अळवाच्या कुळातला कंद. जोयड्याच्या कुणब्यांनी ती इतकी मोठी वाढवली आहे की बाहेरचा माणूस पाहतच राहतो. वेल कोणता हे पाना-खोडावरून ओळखता आलं नाही तर तो काठीला कसा गुंडाळला आहे ते पाहायचं: कणगी आणि करांदा ज्या दिशेनं वेढे घालतात, कोन बरोबर त्याच्या उलट घालतो. आजीच्या सुनेनं मला हे दाखवलं तेव्हा मी परडं फिरून एकेक वेल तपासला. कुठेही चूक नव्हती.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरचं सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं आणि तालुक्याला नाव देणारं सुपा गाव पाण्याखाली गेलं. अनेक कुटुंबं रामनगरकडे वसवली गेली, कचेऱ्या जोयड्याला आल्या. उरलेल्या तालुक्याचा मोठा भाग जंगल आहे. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं, आणि २००७ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, ज्याचं नाव २०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प झालं. डोंगरउतारावर जंगल भाजून फिरती शेती करण्याची, म्हणजे कुमरीची, कुणब्यांची जुनी पद्धत इंग्रज अमदानीतच आवळली गेली. मग हाताशी राहिली ती दरीतली भाताची खाचरं आणि घराभोवतीचं परडं. कुमरी सुटल्यावर इथल्या माणसाचं शेतीचं शहाणपण या परड्यातच एकवटलं, असं मला वाटतं. घरात कोकणी, शाळेत आणि भजनात मराठी, कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत इथला माणूस वावरतो. सरहद्दीपलीकडे गोव्यातल्या कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इकडच्यांची तीच मागणी वर्षानुवर्षं चालू आहे.

जंगल शेजारी असल्याचा अर्थ रात्री कळतो. रानडुकराला कंदाचा वास जमिनीतून येतो. साळिंदर तर खणण्यात माणसापेक्षा तरबेज. वांदरं दिवसाढवळ्या भोपळे नेतात. त्यामुळे कंद जमिनीत राखून ठेवणं हे जितकं सोयीचं, तितकंच जोखमीचं. घरचा मुलगा माळ्यावर झोपतो, डबा वाजवतो, आणि तरी एखाद्या सकाळी कणगीचा अख्खा वाफा उकरलेला सापडतो. अशा वेळी पडवीत राखेत ठेवलेले माथे हाच विमा. जोयड्यात दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे बाया डोक्यावरून आणलेले कंद मांडून बसतात. पाहुणे खाण्यासाठी विकत घेतात. बाया मात्र एकमेकींकडे जाऊन वेगळा वाण दिसला की त्याचा तुकडा मागून घेतात.

आता चूल. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि मिठात उकडलेल्या कणगी. दुपारी कोनाच्या फोडींचं कालवण: ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, तिरफळं आणि आमसूल, आणि कारवारकडून आलेला सुका बांगडा भाजून त्यात. माडी आणि सुरण करताना सुनेचे हात कोरडेठाक होते. त्यांच्या गरात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ओल्या हाताला ते जास्त बोचतात आणि खाज सुटते. म्हणून सोलायचं कोरड्या हातानं, मग धुवायचं, भरपूर शिजवायचं आणि आंबट घालायचं. आमसूल नसेल तर वाटांबं, तेही नसेल तर चिंच. आंबटाशिवाय माडी या घरात शिजत नाही.

चुलीच्या वरचं छप्पर हे घराचं बियाण्याचं कोठार. वाशांना गवताच्या दोरीनं बांधलेल्या पावसाळी तवशी टांगलेल्या, मक्याची कणसं, धुरानं काळा पडलेला दुधी. दुधी सुकला की हलवल्यावर आत खुळखुळतो, तेव्हा बी तयार. भिंतीवर शेणाच्या थापी लावलेल्या, त्यांत राखेत घोळलेल्या काकडीच्या आणि दोडक्याच्या बिया दाबून बसवलेल्या. राख ओल शोषते, धूर कीड लागू देत नाही, आणि उंदराला शेणात तोंड घालायला आवडत नाही. वेलाचं पहिलं, बुडाजवळचं चांगलं फळ बियाण्याला राखतात. ते कितीही कोवळं आणि चविष्ट दिसलं तरी त्याला हात लावायचा नाही.

कोंबड्यांचंही असंच आहे, फक्त तिथे मोजदाद अधिक काटेकोर. घरात दहा-बारा गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे. अंडी गोळा करताना घरट्यात एक अंडं कायम राहू देतात, नाहीतर कोंबडी जागा बदलून करवंदीच्या जाळीत घालायला लागते आणि मग ती मुंगसाच्या पोटात. बाकीची अंडी कोंड्यात, सावलीत. त्यांतून बसवायची अंडी आजी निवडते: फार मोठं नको, लांबोडकं नको, तडा नको, आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं नको. शिवाय जी कोंबडी आपली पिलं घारीपासून राखते, तिचीच अंडी. भरपूर घालणारी पण पिलांकडे पाठ फिरवणारी कोंबडी असते, तिची अंडी खायची.

खुडूक कोंबडी ओळखायला शिकवावं लागत नाही. पिसं फुलवून ती घरट्यात घट्ट बसते, हात नेला तर चोच मारते, आवाज बदलतो. पूर्वी मला प्रश्न पडायचा की रोज एक याप्रमाणे आठ-दहा दिवसांत घातलेली अंडी सगळी एकाच दिवशी कशी फुटतात. ऊब मिळेपर्यंत आतला जीव थांबून राहतो, हे त्याचं उत्तर. आजीनं तिन्हीसांजेला, अंधारात, एकेक अंडं कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. पंखाखाली मावतील इतकीच, अकरा. प्रत्येकावर कोळशाची रेघ. कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन आपली अंडी घालून जातात, आणि उशिरा घातलेलं अंडं मागे राहून सडतं.

एकवीस दिवस. कोंबडी दिवसातून एकदाच उठते, पाव तास. दाणा टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि परत येते. ती दिवसभर चोचीनं अंडी फिरवत असते, नाहीतर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटेल. आठव्या रात्री सुनेनं अंडी विजेरीसमोर धरून पाहिली. पूर्वी पाटीच्या भोकातून येणाऱ्या उन्हात पाहायचे. जिवंत अंड्यात लालसर शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका दिसतो. रिकामं अंडं नुसतं पिवळं उजळतं. दोन रिकामी निघाली. ती उकडून, पिलं फुटल्यावर त्यांना कुस्करून घालायला ठेवली. टोपलीत कोळशाचा तुकडाही होता, ढगांच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. गडगडाटानं अंडी बिघडतात यावर माझा विश्वास नाही. वळवाच्या दिवसांत अंडी बिघडतात ती ओलीनं आणि कोंबडी दचकून उठल्यामुळे. पण त्या समजुतीपायी टोपली पडवीच्या आतल्या, कोरड्या, शांत कोपऱ्यात सरकते, आणि त्याचा फायदा होतोच.

पिलू फुटण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे पहिला दिवस त्याला दाण्याची गरज नसते. दुसऱ्या दिवसापासून त्याला हवी वाळवी. या पट्ट्यात वारूळ म्हणजे सातेरी देवी, त्याला पहार लावत नाहीत. पण पडलेल्या ओंडक्याजवळ फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून रात्री उपडं घातलं की सकाळी त्यात वाळवी खच्चून भरलेली असते. सुनेनं मडकं डालग्याजवळ आपटलं आणि पिलांनी पाच मिनिटांत ते साफ केलं. दाण्यानं वाढणाऱ्या पिलापेक्षा वाळवीवरचं पिलू महिन्याभरात उजवं दिसतं.

रानाच्या कडेला पहाटे रानकोंबडा आरवतो, तो घरच्या कोंबड्यापेक्षा तुटक आणि कर्कश. घरची कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, जो उत्तर आणि ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंतचा. सह्याद्रीतला हा करडा रानकोंबडा वेगळ्या जातीचा. पण २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की जगभरच्या कोंबड्यांचे पिवळे पाय आणि पिवळी त्वचा ज्या जनुकामुळे आहेत, ते या करड्याकडून आलं. म्हणजे भारताच्या या बाजूला कधीतरी कुठल्या तरी वस्तीत दोघांचा संकर झाला आणि तो वंश जगभर पोहोचला. हे मी आजीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. रानातला कोंबडा परड्यात उतरतो हे तिनं पाहिलेलं आहे.

वाफे आणि कोंबड्या यांचं वैर पावसाच्या तोंडावर जुंपतं. भेंडी-दोडक्याचे कोवळे कोंब कोंबडी एका तासात उकरून टाकते. म्हणून जून-जुलै कोंबड्या डालग्याखाली किंवा अंगणापुरत्या, आणि वाफ्यांवर बोरी-करवंदीच्या काट्या. याच दिवसांत पिलं काढत नाहीत, कारण भिजलेलं पिलू वाचत नाही. दिवाळी ते शिमगा हा त्यांचा हंगाम. खुराड्यातली झाडण ताजी कधीच मुळाशी घालत नाहीत, ती झाड जाळते. शेण-पाचोळ्यात मुरली की तिच्यासारखं खत नाही.

या घराला खरी भीती आहे ती राणीखेतची. रानमांजर एक कोंबडी नेतं, हा रोग आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं करतो. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, आणि राखून ठेवलेली अंडी, निवडलेली कोंबडी, आजीची सगळी पारख त्यात जाते. कंदाचा माथा राखेत टिकतो, तसा कोंबडीचा वंश टिकवता येत नाही. लस आहे, स्वस्त आहे आणि ती काम करते. पण कुपी उघडली की शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची मात्रा असते, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरानं ती एकट्यानं आणणं म्हणजे कुपीचा मोठा भाग ओतून देणं. वाडीतल्या सगळ्या घरांनी एकाच संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, लस टोचायची ठरवली तरच ते जमतं. कोंबडी रात्री सहज हातात येते.

मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सून हेच बोलायला वाडीत घरोघरी जाऊन आली. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तिनं घरांची यादी आणि पुढे कोंबड्यांचे आकडे लिहिले होते. एका घरानं आपल्या कोंबड्या कमी सांगितल्या होत्या, कुणी मोजणी करायला येईल या भीतीनं. आजीनं यादी ऐकली आणि म्हणाली, "तिच्याकडे तेरा आहेत. मी परवाच मोजल्यात." सुनेनं आठ खोडून तेरा केले, खाली बेरीज मांडली आणि बर्फाचा डबा कुणाच्या दुचाकीवर आणायचा ते विचारायला पुन्हा बाहेर पडली.