पिंजऱ्यातली पाहुणी

आमचं गोंदिया म्हणजे राईस मिलचं गाव. दिवाळीच्या सुमारास धान निघालं की घरात नवा तांदूळ येतो आणि त्याच्या मागोमाग उंदीर. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही काही वेगळं नसेल!

गेल्या हिवाळ्यात ह्यांनी कोठीच्या खोलीत पिंजरा लावला. सकाळी बघतो तर भज्याच्या लोभानं आलेला एवढासा उंदीर आत थरथरत बसलेला. आमचा धाकटा चौथीत. त्यानं हट्टच धरला, "आई, याला पाळू या ना! गणपतीचं वाहन आहे." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र वाटलं, शाळेत मुलांना भूतदया शिकवायची अन्‌ घरात पोराला नाही म्हणायचं? "ठेव दोन दिवस," म्हटलं. माझं चुकलं ते तिथेच.

लोक पांढरे उंदीर पाळतात ना, मग हा का नको, असं वाटतं खरं. अमेरिकेत ॲबी लेथ्रॉप नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं 1900 च्या सुमारास हौशी लोकांसाठी उंदीर पैदा करायचा धंदा काढला होता. पुढे प्रयोगशाळाच तिच्याकडून उंदीर न्यायला लागल्या. जात घरातल्या उंदराचीच. पण ते पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातात वाढलेले. आपल्या कोठीतल्या उंदराला माणूस म्हणजे मोठं मांजरच! आमचा पाहुणा दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसे आणि रात्रभर तारांवर नाक घासत फिरे. वासानं तर खोलीत जाववेना.

तिसऱ्या दिवशी कळलं, पाहुणा नव्हे, पाहुणी! पाच गुलाबी पिल्लं. उंदरीण तीन आठवड्यांत विते, लगेच पुन्हा गाभण राहू शकते आणि तिची पिल्लं दीड महिन्यात स्वतः आईबाप व्हायच्या लायकीची होतात. वाचूनच मला दमायला झालं.

धाकट्यानं कौतुकानं पिल्लं हातात घेतली. दुसऱ्या सकाळी तीनच उरली होती. भेदरलेली उंदरीण कधीकधी स्वतःची पिल्लं खाते, हे त्याला कसं सांगायचं? "पण ती आई आहे ना?" एवढंच तो विचारत राहिला. दारात माझी नणंद उभी होती, बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. ती काही न बोलता आत गेली.

खरा धक्का पुढेच होता. तिच्या तपासणीच्या वेळी मी ही गंमत म्हणून सांगितली, तर डॉक्टरीणबाई खुर्चीत ताठ झाल्या. घरातल्या उंदरांच्या मुतात, लेंड्यांत एल.सी.एम. नावाचा विषाणू असू शकतो. गरोदर बाईला त्याची लागण झाली तर गर्भ दगावू शकतो, किंवा बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होते. प्रत्येक उंदरात तो असतो असं नाही, पण बघून ओळखता येत नाही. शिवाय लेप्टो आहेच.

ह्यांनी त्याच संध्याकाळी पिंजरा सायकलला अडकवून गावाबाहेरच्या पडीत नेऊन उघडला. तिथे ती मायलेकरं किती दिवस तगली असतील, हे मी धाकट्याला सांगितलं नाही.

मग खोली साफ केली. सुक्या लेंड्या केरसुणीनं झाडू नका हं, धूळ नाकात जाते. दारंखिडक्या उघडून, रबरी हातमोजे घालून, ब्लीचिंगच्या पाण्यानं जागा भिजवायची, पाच-दहा मिनिटांनी फडक्यानं पुसून ते फडकं फेकायचं. गरोदर बाईला या कामाला लावायचंच नाही. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही छोटा उंदीर येतो. मी भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपलं.

नणंदेला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत, पण ते दोन महिने मी कसे काढले माझं मला ठाऊक. धाकटा आता म्हणतो, पांढरे उंदीर आणू या. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.